तुकड्याच्या रिपोर्टमधली दुसरी ओळ

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात माझा दवाखाना आहे. या प्रकरणातल्या रुग्णाला आपण आबा म्हणू. आमच्याकडे दर दहावा म्हातारा आबाच असतो, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. वय, घरच्या माणसांचे तपशील थोडे बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.

आबा तेव्हा ६७ वर्षांचे होते. हापूसची बाग, मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी, तंबाखू मशेरीपुरती. तीनेक वर्षं लघवीला धार बारीक, रात्री तीन-चार वेळा उठणं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मोहोर ते पेटी या चार महिन्यांत माणूस असाही रात्रीचा बागेत फिरतोच, त्यामुळे घरातल्यांनाही वेगळं वाटलं नाही.

शिमग्याच्या दिवसांत त्यांना सर्दी झाली. दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या, दोन दिवसांत पाच खाल्ल्या. तिसऱ्या रात्री दोन वाजता त्यांना रिक्षातून आणलं ते पोट धरून वाकलेले. सकाळपासून लघवी थेंब थेंब, संध्याकाळनंतर तीही बंद. बेंबीपर्यंत मूत्राशय हाताला लागत होतं. नळी घातली, ९०० मिली लघवी निघाली. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं. पहिलं मूत्राशयाचा स्नायू ढिला करतं, दुसरं मूत्राशयाचं तोंड आवळतं. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पुरुषांतली ग्रंथी, आधीच वाढलेली असेल तर एवढं पुरतं.

पहिला निर्णय, जो मी घेतलाच नाही

सकाळी लॅबचा माणूस नेहमीचं रक्त न्यायला आला. मी कागदावर साखर, क्रिएटिनिन लिहिलं, आणि हात सवयीने पुढे गेला तसं पीएसएही लिहिलं, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय घ्यायचा का ते सांगणारी रक्ततपासणी. संध्याकाळी आकडा आला: १४.२.

लघवी तुंबलेली, नुकतीच नळी घातलेली, अशा वेळी पीएसए वर जातोच. हे मला पाठ आहे. दुसऱ्या डॉक्टरने पाठवलेला असा कागद आला असता तर मी त्याला नावं ठेवली असती. पण कागद आबांच्या मुलाच्या हातात पडला होता, त्याने मोबाइलवर "पीएसए १४" शोधलं होतं आणि रात्रीपर्यंत घरात कॅन्सर शब्द शिरला होता. पुढच्या सहा आठवड्यांत आबांचं चार किलो वजन उतरलं. काळजीनेच, कारण सहा आठवड्यांनी पीएसए ७.१ निघाला.

७.१ हाही सोडून देण्यासारखा आकडा नव्हता. बोटाने तपासल्यावर प्रोस्टेट मोठी, पण गुळगुळीत लागली, गाठ नाही. सोनोग्राफीत आकार ६८ ग्रॅम. या वयात २५-३० असता तर चाललं असतं. इथून पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचं तर आमच्याकडे नेहमीचा प्रश्न असतो: घाट चढून कोल्हापूर की खाली गोव्यात बांबोळी? आबांची मुलगी कोल्हापूरला, म्हणून कोल्हापूर ठरलं. तिथे एमआरआय झाला, मग प्रोस्टेटचे बारा ठिकाणचे तुकडे तपासायला काढले (बायोप्सी).

रिपोर्टमध्ये दोन ओळी होत्या. पहिली: कॅन्सर नाही. दुसरी: ग्रंथींच्या भोवती आणि मधल्या पेशीजालात मध्यम ते तीव्र जुनाट दाह, म्हणजे आतली सूज.

पहिली ओळ वाचून घरात नारळ फुटला. दुसरी ओळ कुणी वाचली नाही. मीही वाचली ती "ठीक आहे, असतंच" म्हणून. आणि खरंच, असतंच. ड्युटास्टेराइड या प्रोस्टेट आकसवणाऱ्या औषधाची ८ हजारांहून जास्त पुरुषांवर जी मोठी चाचणी झाली, तिच्यात सुरुवातीच्या तुकड्यांत चारांपैकी तीनहून जास्त जणांना जुनाट दाह सापडला होता, आणि त्याचं लक्षणांशी नातं अगदीच क्षीण निघालं. दाह दिसला म्हणजे पुढे कॅन्सर होणार असंही नाही. त्याच चाचणीत दाह असलेल्यांत पुढे कॅन्सर उलट कमी सापडला. दुसऱ्या बाजूला, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या डॉक्साझोसिन-फिनास्टेराइड या प्रोस्टेटवाढीच्या गोळ्यांच्या चाचणीत ज्यांचे तुकडे तपासले होते, त्यांच्यात दाह असलेल्यांचा आजार जास्त वाढला आणि लघवी तुंबण्याचे प्रसंगही त्यांनाच जास्त आले. म्हणजे ती ओळ निरर्थक नव्हती. तिचं करायचं काय, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

तज्ज्ञांनी मूत्राशयाचं तोंड सैल करणारं टॅमसुलोसिन आणि प्रोस्टेट आकसवणारं फिनास्टेराइड सुरू केलं. आबा परत बागेत गेले.

अडचण

नऊ महिन्यांनी मोहोराच्या आधी ते तपासणीला आले. टॅमसुलोसिनने धार सुधारली होती, पण रात्रीचं उठणं चारवरच. आकार ६६, म्हणजे होता तिथेच. पीएसए ६.४.

यातला शेवटचा आकडा मला सलला. फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी हे जास्त जोरकस रूप होऊ देत नाही, आणि प्रोस्टेटच्या पेशींना खरी फूस डीएचटीचीच असते. गोळी नीट चालू असेल तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा होतो. तेवढ्यासाठीच या गोळीवर असलेल्या माणसाचा पीएसए दुप्पट करून वाचायचा असतो. त्या हिशेबाने आबांचा ६.४ म्हणजे जवळजवळ १३. कॅन्सर तुकड्यांतून निसटला असेल का? की गोळी लागू पडत नाहीये?

त्याच आठवड्यात आबांच्या भाच्याचा फोन आला. तो पुण्यात एका जैवतंत्रज्ञान कंपनीत आहे, हुशार पोरगा. मामाचा रिपोर्ट त्याने आमच्यापेक्षा नीट वाचला होता; दुसऱ्या ओळीवर त्याने पिवळी रेघ मारून मला फोटो पाठवला आणि सोबत २०२४ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक शोधनिबंध. "डॉक्टर, मामाच्या गोळीला दाहच आडवा येतोय. दाह मारला तर?"

मूळपेशींचं गणित

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे निर्णय यावर ठरले.

प्रोस्टेटच्या ग्रंथीला आतून दोन थरांचं अस्तर असतं. पोकळीकडच्या पेशी स्राव करतात, पीएसए त्याच बनवतात, आणि अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे पुरुषी हार्मोनचा संदेश पकडणारा रेणू, त्यांच्यात भरपूर असतो. हार्मोन काढून घेतलं की त्या मरतात. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी अंडकोष काढून प्रोस्टेटचा कॅन्सर आवळता येतो हे दाखवलं ते याच जोरावर. त्याबद्दल १९६६ चं नोबेल मिळालं. खालच्या थरातल्या पायाभूत पेशींत मात्र हा रिसेप्टर कमी असतो. हार्मोन गेलं तरी त्या तग धरतात. उंदीर-घुशींत हार्मोन काढलं की प्रोस्टेट आक्रसते, परत दिलं की पूर्ववत वाढते, आणि हा खेळ पुन्हा पुन्हा करता येतो. म्हणजे खाली काहीतरी शाबूत राहतं. त्या शाबूत राहिलेल्यांतच मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या पेशी, आहेत.

भाच्याने पाठवलेल्या शोधनिबंधात प्रश्न असा होता: प्रोस्टेटमध्ये जंतूंशिवायचा जुनाट दाह असेल तर या पायाभूत मूळपेशींच्या रिसेप्टरचं काय होतं? उत्तर: रिसेप्टर वाढतो आणि जास्त कामालाही लागतो. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, अंडकोष काढलेल्या, म्हणजे हार्मोन जवळजवळ संपलेल्या उंदरांतही दाह असला तर या मूळपेशी विभागत राहिल्या आणि वरच्या थरातल्या पेशी बनवत राहिल्या. खालून भरती चालूच.

हे सगळं आबांना समजावायचं होतं. मी कल्टारचं उदाहरण घेतलं. देवगडात बागायतदाराला कल्टार माहीत नाही असं होत नाही: पॅक्लोब्युट्राझॉल, पावसाळ्यात खोडाभोवती आळ्यात ओतायचं. ते झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं हार्मोन आवळतं, पालवी थांबते आणि झाड मोहोराकडे वळतं. मी म्हटलं, आबा, ही गोळी म्हणजे प्रोस्टेटचं कल्टार. पण कधी कधी कल्टार घालूनही नोव्हेंबरात अवकाळी पाऊस पडला की झाड पालवी फोडतं की नाही? तुमच्या प्रोस्टेटमधला दाह म्हणजे तसला पाऊस असू शकतो. सालीखालचे डोळे कल्टारला न जुमानता फुटतात.

मला माझंच उदाहरण फार आवडलं होतं. आबांनी ते शांतपणे ऐकलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टरानू, कल्टार झाडाक घातला तर लागू पडतला ना? ती गोळी मी धड खाल्लंयच नाय."

दुसऱ्या दिवशी काकी, आबांच्या पत्नी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. टॅमसुलोसिनची रिकामी पाकिटं त्यांनी महिन्यागणिक रबर लावून ठेवली होती. फिनास्टेराइडची पाकिटं भरलेली, एकेका पाकिटातून दोन-तीन गोळ्या काढलेल्या. मोजलं तर नऊ महिन्यांत पन्नासच्या आसपास गोळ्या पोटात गेल्या होत्या. बाजारात कुणीतरी आबांना सांगितलं होतं की ती गोळी "पुरुषपण घालवता". पूर्ण खोटंही नाही ते. काही जणांना या गोळीने इच्छा किंवा ताठरता कमी होते. बहुतेकांना होत नाही, आणि ज्यांना होते त्यांच्यातही गोळी थांबवल्यावर बरेचदा सुधारते. हे पहिल्याच दिवशी मी सांगायला हवं होतं. समोर मुलगा आणि सून बसलेले, म्हणून मी तो विषय टाळला. बाजाराने टाळला नाही.

तोललेले पर्याय

गोळी खाल्लीच नव्हती हे कळल्यावर पीएसए निम्मा न होण्याचं अर्धं कोडं सुटलं. तरी मी, कोल्हापूरचे तज्ज्ञ आणि भाचा, तिघांनी फोनवर सगळे पर्याय मांडले.

अँटिबायोटिकचा महिनाभराचा कोर्स मी लगेच बाजूला केला. लघवीचं कल्चर दोनदा निर्जंतुक, ताप नाही, जळजळ नाही. तुकड्यात दिसलेला, त्रास न देणारा जुनाट दाह ही एक वेगळी कोटीच मानली जाते आणि तिला एकट्याने औषध लागत नाही. जंतू नसताना जंतुनाशक देऊन पुढच्या खऱ्या जंतूंना फक्त तालीम मिळते.

लगेच दुसऱ्यांदा तुकडे काढायला तज्ज्ञ तयार नव्हते, आणि ते बरोबर होतं. आधी गोळीची खरी परीक्षा, मग लागलंच तर एमआरआय.

भाच्याचा पर्याय सर्वात चमकदार होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दाहाचा मोठा दूत इंटरल्युकिन-१, आणि त्याला रोखणारं औषध तयार आहे: अनाकिन्रा, संधिवातासाठी २००१ पासून वापरात. महाग आहे, रोज टोचावं लागतं, पण मामासाठी तो पैसे घालायला तयार होता. मलाही क्षणभर पटलं. दाह आहे, तर दाह कमी करणारं द्या. इतकं सरळ वाटतं.

त्या रात्री शोधनिबंध मी दुसऱ्यांदा, सावकाश वाचला. तिथे उलटंच लिहिलं होतं. त्या संशोधनात इंटरल्युकिन-१ चा अल्फा हा प्रकार मूळपेशींच्या अँड्रोजेन रिसेप्टरला दाबून ठेवत होता. दाह झाला की शरीर इंटरल्युकिन-१ ला लगाम घालायला त्याचाच एक विरोधक रेणू बनवतं, आणि दाहाने सर्वात जास्त वाढलेल्या जनुकांत हा विरोधक होता. विरोधक वाढला की अल्फाचा दाब सुटतो आणि रिसेप्टर मोकाट सुटतो. दाह झालेल्या मूळपेशींपासून ताटलीत वाढवलेल्या इवल्या ग्रंथींत हा विरोधक अडवला, तेव्हा रिसेप्टर पुन्हा शांत झाला.

आणि अनाकिन्रा म्हणजे काय? प्रयोगशाळेत बनवलेला तोच विरोधक. म्हणजे दाह शमवायला म्हणून जे टोचणार, ते निदान या उंदरांच्या हिशेबाने रिसेप्टरचा दाब सोडवणारंच. माणसात तसं होईल का, हा वेगळा प्रश्न. उंदराच्या प्रोस्टेटची ठेवणसुद्धा आपल्यासारखी नाही, तिला वेगवेगळे पाळे असतात. पण ज्या कागदाच्या आधारावर औषध मागितलं जात होतं, तोच कागद त्याच्या विरोधात बोलत होता.

भाच्याला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी फक्त सारांशाची पहिली दोन वाक्यं वाचली होती." प्रामाणिक पोरगा. मी त्याला हेही सांगितलं की त्याने रेघ मारली नसती तर दुसरी ओळ मी कधीच वाचली नसती.

राहिले दोन मार्ग: गोळीची खरीखुरी परीक्षा, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. तज्ज्ञांचा कल ऑपरेशनकडे होता. एकदा लघवी तुंबलेली, आकार मोठा. आबांचा कल बागेकडे होता. मोहोर आला होता, फवारणीचे दिवस, आणि ऑपरेशननंतर काही आठवडे ओझं उचलायचं नाही म्हणजे पेट्यांना हात लावायचा नाही. आम्ही गोळीवर थांबलो.

कृती

या वेळी गोष्ट बंद खोलीत झाली, फक्त आबा आणि मी. गोळीने काय होऊ शकतं ते स्पष्ट सांगितलं, आणि तसं झालं तर लपवायचं नाही, मला सांगायचं, गोळी थांबवू, असं ठरलं. काकींनी फिनास्टेराइडची पाकिटंही रबराच्या गठ्ठ्यात आणली. सर्दीच्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून दुकानदारालाच दिली. आबांना देऊन उपयोग नव्हता.

आठ महिने गोळी नियमित गेली. त्रास काहीच झाला नाही, निदान त्यांनी सांगितला नाही आणि काकींनीही. आषाढात तपासलं: आकार ६६ वरून ५७, पीएसए ६.४ वरून ४.१. रात्री तीनदा.

म्हणजे गोळी लागू पडत होती, पण अपेक्षेइतकी नाही. पीएसए निम्म्यावर आला नव्हता, म्हणून ठरल्याप्रमाणे एमआरआय पुन्हा केला. संशयास्पद जागा नाही. दाहाचे म्हणावेत असे पसरट पट्टे पहिल्यासारखेच. आता माझं अवकाळी पावसाचं उदाहरण खरं होतं का? असू शकेल. एका माणसावरून ते ठरत नाही, आणि कल्टारच्या बाबतीत एकदा तोंडघशी पडल्यावर मी जरा जपूनच होतो.

चतुर्थीच्या दहा दिवस आधी लघवी पुन्हा तुंबली. या वेळी सर्दीची गोळी नाही, काही नाही. तज्ज्ञ म्हणाले लगेच या. आबा म्हणाले, "चतुर्थी झाल्याबिगर मी घाट चढूचंय नाय." घरात माटवी बांधायची, गणपती आणायचा, मुंबईहून चार भाऊ येणार. नळी ठेवून चतुर्थी काढायची की नळी काढून बघायची, हा तेव्हाचा पेच. नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका. काढली आणि सणात मध्यरात्री पुन्हा तुंबली तर मुसळधार पावसात घाट. पाच दिवसांनी नळी काढली. लघवी झाली, मागे १८० मिली शिल्लक राहत होती. काठावरचा आकडा. मूत्रपिंडांचं काम ठीक होतं म्हणून सण जाऊ दिला, दर दोन दिवसांनी सोनोग्राफीत शिल्लक बघायची या अटीवर. आरत्यांच्या मध्ये आबा स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात येत, कपाळावर गुलाल तसाच.

परिणाम

अनंत चतुर्दशीच्या पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. रक्तस्राव बेताचा, तिसऱ्या दिवशी नळी निघाली. काढलेल्या सगळ्या तुकड्यांची तपासणी झाली: कॅन्सर नाही, ग्रंथींभोवती दाट जुनाट दाह. तीच दुसरी ओळ, या वेळी थोडी लांब.

तीन महिन्यांनी पीएसए १.६. रात्री एकदा उठणं, तेही आबांच्या मते कुत्री भुंकतात म्हणून. फिनास्टेराइड बंद केलं, त्यामुळे १.६ हा आता दुप्पट करायचा नाही. यापुढचा प्रत्येक आकडा याच्याशी ताडायचा. वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाणं हा या ऑपरेशनचा नेहमीचा परिणाम. तोही आधी सांगितला होता, बंद खोलीतच.

पुन्हा करायचं झालं तर

नळीच्या दुसऱ्या दिवशी पीएसए लिहिणार नाही. दवाखान्यात कागदाच्या गठ्ठ्यावर आता पेनाने लिहून ठेवलं आहे: तुंबली असेल तर सहा आठवडे थांब.

गोळी लागू पडत नाही म्हणण्याआधी पाकिटं मागणार. मी नऊ महिन्यांच्या आकड्यांवर रिसेप्टरपर्यंत पोचलो, पण स्वयंपाकघरातल्या डब्यापर्यंत पोचायला आबांनाच मला न्यावं लागलं.

ऑपरेशन पहिल्या वर्षीच करायला हवं होतं का, यावर माझं आणि कोल्हापूरच्या तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, तुकड्यात इतका दाह आणि एकदा तुंबलेली लघवी एवढ्यावरच त्यांनी जास्त आग्रह धरायला हवा होता. दुसऱ्यांदा तुंबणं टळलं असतं. माझं म्हणणं, खाल्लीच नाही त्या गोळीला नापास करून माणसाला टेबलावर घेणं बरोबर नव्हतं, आणि आठ महिन्यांत नऊ ग्रॅम कमी झाले हे काही थोडं नाही. आबांना विचारलं तर ते म्हणतात, त्या वर्षी पेटीला भाव चांगला होता, ऑपरेशन केलं असतं तर बाग करारावर द्यावी लागली असती.

पुढचा पीएसए आंबा उतरल्यावर.